भांडगावातले तीन पेले

पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघालं, की हडपसर, लोणी काळभोर, उरुळी कांचन ही ओळखीची गावं एकेक करून मागं पडतात. यवत ओलांडलं की भांडगाव. तालुका दौंड, पुण्यापासून अंतर ५० किलोमीटरच्या आसपास. आता रस्ता इतका रुंद आणि गाड्या इतक्या वेगात, की भांडगाव आलं कधी नि गेलं कधी हे कळतही नाही. पण कधी सवडीनं त्या बाजूला उतरून बघा. खडकवासल्याहून निघालेल्या कालव्याच्या पाण्यावर वाढलेला ऊस, गुऱ्हाळांचा गोड धूर, आणि ऊस नसेल तिथे ज्वारी, कांदा. माझ्या थोरल्या नणंदेचं सासर इथलं, त्यामुळे गेली बारा-तेरा वर्षं माझं जाणं-येणं आहे.

हा रस्ता तसा मोठा सोवळा आहे बरं का! उरुळी कांचनला गांधीजींनी १९४६ साली सुरू केलेला निसर्गोपचार आश्रम. पुढे चौफुल्याजवळ केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्तिमिशन. त्यांचं निधनही तिथेच झालं, १९२२ साली. आणि दर वर्षी आषाढात याच वाटेनं तुकोबांची पालखी जाते. यवतला मुक्काम, तिथली पिठलं-भाकरी साऱ्या वारकऱ्यांना ठाऊक. दुसऱ्या दिवशी भांडगावावरून वरवंड, आणि मग पाटसवरून रोटीचा घाट चढून उंडवडी. मध्येच चौफुल्याला लावणीची थिएटरं आहेत, ती गोष्ट वेगळी!

तर अशा या वाटेवर, रोटी गावाजवळच्या माळावर, एक वाइनचा कारखाना आहे. बाहेरून पाहिलं तर एखाद्या फ्रेंच सरदाराची गढी उचलून आणून ठेवल्यासारखा. ‘फोर सीझन्स’ हे नाव २००६ च्या सुमारास पुढे आलं, नंतर मालकी बदलली. गावाचं नाव रोटी आणि तिथे वाइन. फ्रान्समधल्या माणसाला हे ऐकून फार गंमत वाटेल, कारण त्यांच्या जेवणात पाव आणि वाइन ही वरणभातासारखी जोडी. तुम्ही म्हणाल, या बाई आज पाककृती सोडून दारूच्या गोष्टी काय सांगायला लागल्या! सांगते. भांडगावच्या त्या घरात गेल्या फेब्रुवारीत या एका गोष्टीवरून चार दिवस धुसफूस चालली होती, आणि त्यातून मला जे कळलं ते तुम्हांला सांगण्यासारखं वाटलं.

नणंदेचा मुलगा, माझा भाचा, फ्रान्समध्ये तुलूझला विमानांच्या कामात इंजिनियर आहे. बहिणीच्या लग्नाला आला तेव्हा त्याने दोन बाटल्या आणल्या. (बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य जकातीशिवाय आणता येतं; बाटली पाऊण लिटरची, म्हणून दोन.) एक ‘बोजोले नुव्हो’, म्हणजे त्याच हंगामातली, कोवळी. दुसरी बोर्दोच्या मेदोक भागातली, १९९६ सालच्या द्राक्षांची. १९९६ हे भाच्याचं जन्मसाल. तो जिच्या घरात भाड्यानं राहायचा त्या म्हाताऱ्या बाईंच्या नवऱ्याने तळघरात ठेवलेल्या बाटल्यांतली ही एक. नवरा गेला, मुलं दूर, बाईंना डॉक्टरांनी वाइन बंद केलेली. त्यांनी याला बाटली दिली ती एका अटीवर : “एकट्यानं पिऊ नकोस, घरच्यांबरोबर उघड.”

आता घरचे म्हणजे कोण? वन्संचे सासरे, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, ते माळकरी. वन्सं स्वतः बचतगटाच्या अध्यक्ष. गावातल्या बायकांना घेऊन हातभट्टीची पिंपं फोडायला त्या पुढे होत्या. आणि त्यांची धाकटी जाऊ. तिचा नवरा ऐन पस्तिशीत दारूपायी गेला. दोन मुलं पदरात. त्या घरात ‘बाटली’ हा शब्दसुद्धा कुणी मोठ्यानं उच्चारत नाही. औषधाची असली तरी ‘शिशी’ म्हणतात.

वन्संनी सरळ सांगितलं, “या घरात नाही. उद्या गटातल्या बायका मला काय म्हणतील? आम्ही आडव्या बाटलीवर शिक्के मारायला सांगायचं आणि घरात उभी करून ठेवायची?”

हे आडव्या-उभ्याचं शहरातल्या मैत्रिणींना कदाचित ठाऊक नसेल. आपल्या राज्यात गावातलं दारूचं दुकान बंद करायचं की नाही यावर बायकांना मतदान मागता येतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात : उभी बाटली आणि आडवी बाटली. निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडवीवर शिक्का मारला, की दुकानाला कुलूप. आणि गंमत बघा, भाच्याने मला हळूच सांगितलं, “मामी, वाइनची बाटली नेहमी आडवीच ठेवतात!” खरंच तसं आहे. बुचाची बाटली आडवी ठेवली की आतल्या वाइननं बूच ओलं राहतं, फुगलेलं राहतं, आणि हवा आत शिरत नाही. उभी ठेवली तर बूच वाळतं, आक्रसतं, आणि वाइन आंबट होते. फ्रान्सच्या तळघरांत हजारो बाटल्या आडव्या निजलेल्या असतात म्हणे. वन्संना हे सांगायचं धाडस मात्र कुणी केलं नाही.

वाट निघाली ती धाकट्या जावेकडूनच. भाच्यानं तिला जाऊन विचारलं. आईला नाही, आबांना नाही, काकूला विचारलं. हे मला त्या मुलाचं फार आवडलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हातारीला शब्द दिलाय ना? मग घरात नको, मळ्यात बसा. अन् पोरांना तिकडं फिरकू देऊ नका.” झालं. लग्नाचा मांडव उतरल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही मळ्यातल्या घरात गेलो. भाचा, मी, आमचे हे, भाच्याचा एक मित्र आणि, तुम्हांला खरं वाटणार नाही, वन्संही. “मी पिणार नाही, पण काय करता ते बघणार,” म्हणून आल्या.

वाइन चाखायची तर तयारी आधीपासून करावी लागते हे मला त्या दिवशी कळलं. जुनी बाटली भाच्याने दोन दिवस आधी उभी करून ठेवली होती, म्हणजे अंगावरचा गाळ तळाला बसावा. आणि थंडावा! पुस्तकांत लिहितात, लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्या. ती खोली फ्रान्समधल्या जुन्या दगडी घराची, १६ ते १८ अंशांची. भांडगावात फेब्रुवारीच्या दुपारी पत्र्याखाली तीस-बत्तीस सहज होतं. फ्रिज मळ्यात नाही. मग वन्संनीच युक्ती सांगितली : ओल्या फडक्यात बाटल्या गुंडाळून रांजणाच्या सावलीला, वाऱ्यावर ठेवा. आपण पूर्वी दूध नाही का ठेवत असू, तसंच. तासाभरात बाटल्या हाताला छान गार लागायला लागल्या.

तिसरी बाटली आपल्याकडची होती, महाराष्ट्रातल्या ‘कॅबर्ने सोव्हिन्यों’ द्राक्षांची, तीन वर्षांची. तुलना करता यावी म्हणून भाच्याने ती पुण्याहून आणली. हेच द्राक्ष बोर्दोच्या मेदोक भागातही मुख्य, जोडीला ‘मेर्लो’ असतं. म्हणजे एक कोवळी, एक तरुण आणि एक मुरलेली, असे तीन पेले समोर आले. पेला एक तृतीयांशच भरायचा. कंजूषपणा नाही तो; वरच्या रिकाम्या जागेत वास जमायला हवा.

पहिल्यांदा डोळे. पेला पांढऱ्या कापडासमोर तिरका धरायचा आणि कडेचा रंग बघायचा. बोजोले जांभळाच्या रसासारखी, कडेलाही जांभळटच. आपली कॅबर्ने गडद, जवळजवळ काळी-तांबडी. आणि १९९६ ची? मधे डाळिंबी, पण कडेला विटकरी, थेट आपल्या जुन्या कौलांसारखी. लाल वाइन म्हातारी होते तशी फिकी होत जाते.

मग नाक. पेला टेबलावरच हलका गोल फिरवायचा, म्हणजे वास सुटतो, आणि मग हुंगायचं. बोजोले हुंगल्यावर माझ्या तोंडून पटकन गेलं, “अगं बाई, वेलची केळं!” भाचा हसला. म्हणाला, बरोबर आहे मामी. ही वाइन करताना द्राक्षं चुरडत नाहीत, घडच्या घड बंद टाकीत ठेवतात. टाकीत कार्बनडाय ऑक्साइड कोंडलेला असतो आणि आंबण्याची सुरुवात मण्याच्या आतच होते. त्याने केळ्यासारखा, गोळीसारखा वास येतो आणि तुरटपणा फार उतरत नाही. सप्टेंबरमध्ये द्राक्षं तोडायची आणि नोव्हेंबरात पिऊन मोकळं व्हायचं. १९८५ पासून नोव्हेंबरचा तिसरा गुरुवार हा तिचा दिवस ठरलेला; त्याआधी विकायची नाही. आपल्याकडे नव्या गुळाचं जसं अप्रूप तसं तिकडे या नव्या वाइनचं. जपून ठेवण्यात मात्र काही अर्थ नाही. नवा गूळ नवा असतानाच खावा.

कॅबर्नेला काळ्या मनुकांचा, मिऱ्याचा वास आणि मागून थोडा व्हॅनिलासारखा. तो व्हॅनिला म्हणजे ओक लाकडाच्या पिंपाचा. बोर्दोकडचं पिंप २२५ लिटरचं असतं, म्हणजे एका पिंपात ३०० बाटल्या. पिंप जुनं होत गेलं की वास देईनासं होतं, म्हणून चांगल्या वाइनला नवी पिंपं लागतात आणि तिथेच किंमत चढते. आपल्याकडच्या कारखान्यांतही ही पिंपं फ्रान्सहून येतात.

जुनी बाटली उघडताना मात्र सगळ्यांचा श्वास रोखलेला. अर्ध्यात बूच तुटलं! उरलेलं आत पडलं. वन्संनी न बोलता पदराजवळची पिशवी उघडली आणि श्रीखंडाचा चक्का बांधायचं धुवट मलमलचं फडकं पुढे केलं. भाच्याने एका हातात मोबाइलची बत्ती बाटलीच्या मानेखाली धरली आणि दुसऱ्या हाताने, अगदी संथ, काचेच्या तांब्यात ओतत गेला. बत्ती कशाला, तर मानेपर्यंत गाळ आला की दिसावा आणि थांबावं. पूर्वी मेणबत्ती धरत. आपण तुरटी फिरवलेलं पाणी निवळून घेतो तशीच ही निवळ. तळाशी अर्धी वाटी तांबडा चिखल राहिला. तो चिखल म्हणजे खराबी नव्हे. त्याची हकिकत पुढे सांगते.

वास पहिल्यांदा बंद खोलीसारखा. मी मनात म्हटलं, गेली वाटतं. पण दहा-पंधरा मिनिटांनी तीच वाइन वेगळी झाली. मला शब्द सापडेनात. तेवढ्यात वन्संनी पेला हातात घेतला, नाकाशी धरला (ओठाला नाही हं!), डोळे मिटले, आणि एकामागून एक सांगत गेल्या : “जुनी लाकडाची पेटी उघडल्यावानी... आबांच्या चंचीतली तंबाखू... सुकलेलं बोर... आणि पाऊस पडून गेल्यावर पाचटाखालची माती.” भाचा बघतच राहिला. म्हणाला, “आई, तिकडे लोक पैसे भरून दोन-दोन वर्षं हे शिकतात!” मुरलेल्या बोर्दोच्या वर्णनात हेच शब्द येतात : देवदाराची पेटी, तंबाखू, वाळलेली फळं, ओली माती, पालापाचोळा. पण मला त्यात नवल वाटलं नाही. ज्या बाईनं चाळीस वर्षं गुऱ्हाळाच्या कढईशी उभं राहून नुसत्या वासावर ‘आता उतरवा’ म्हणून सांगितलं, तिच्या नाकाला बोर्दो काय नि बर्गंडी काय!

आता घोट. आणि इथे मैत्रिणींनो, आपल्याला एक मोठा फायदा आहे. इंग्रजीत या चवीबद्दल लिहिताना लोकांची फार ओढाताण होते. आपल्याकडे सहा रस लहानपणापासून माहीत : गोड, आंबट, खारट, तिखट, कडू आणि तुरट. हा सहावा, आयुर्वेदातला कषाय रस, लाल वाइनचा कणा आहे. कच्चं केळं, जांभूळ, हिरडा, आवळा, जास्त उकळलेला चहा खाल्ला-प्यायला की जीभ आणि हिरड्या कोरड्या पडून आवळल्यासारख्या होतात ना, तेच. द्राक्षाच्या सालीत, बीत आणि पिंपाच्या लाकडात ‘टॅनिन’ असतं, ते आपल्या लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं आणि तोंड खरखरीत होतं. पांढऱ्या वाइनमध्ये रस आधीच सालीवेगळा काढतात म्हणून तुरटपणा कमी. लालमध्ये रस सालीसकट आंबवतात. रंगही सालीतलाच, लाल वाइनच्या बहुतेक द्राक्षांचा रस पिळला तर जवळजवळ पांढराच निघतो.

बोजोले सरबतासारखी घशाखाली गेली. आंबटगोड, हलकी, तुरटपणा नावाला. कॅबर्नेने मात्र जिभेला चिमटाच काढला; आमच्या ह्यांनी तोंड असं केलं, की जणू कच्ची सुपारी चावली. आणि १९९६ ची? तुरटपणा होता, पण मऊ, लुगड्याच्या जुन्या सुतासारखा. घोट गिळल्यावर चव बराच वेळ रेंगाळली.

हे कसं होतं? तर टॅनिनचे कण वर्षानुवर्षं एकमेकांना आणि रंगाच्या कणांना जोडले जातात, लांब साखळ्या होतात, जड झाल्या की तळाशी बसतात. तोच तो तांबडा चिखल! म्हणून जुनी वाइन फिकी आणि म्हणून मऊ. फळांचे ताजे वास मावळतात आणि दुसरे उमलतात. आपल्या भाषेत याला ‘मुरणं’ हा किती नेमका शब्द आहे. कैरीच्या लोणच्याची फोड आठव्या दिवशी करकरीत, आंबट. वर्षानंतर खार फोडीत आणि फोड खारात. पण सगळीच लोणची मुरायची नसतात. लिंबाचं वर्षानुवर्षं ठेवावं, कांद्याचं दोन दिवसांत संपवावं. वाइनचंही तसंच. ज्यात आंबटपणा आणि तुरटपणा भक्कम आहे तीच टिकते. फ्रान्समधल्यासुद्धा बहुतेक बाटल्या दोन-चार वर्षांत पिण्याच्याच असतात. वीस-तीस वर्षं ठेवाव्यात अशा थोड्या. तेव्हा ‘जितकी जुनी तितकी चांगली’ हे कुणी सांगितलं तर मान डोलवू नका.

आणि मुरल्यावर उताराही असतो. तासाभरानंतर त्या जुन्या वाइनमधले वास एकेक करून विझायला लागले, शेवटी नुसतं आंबूस पाणी राहिल्यासारखं झालं. तीस वर्षं बाटलीत निजली आणि उघड्यावर तास-दीड तास जगली.

खाण्याचं सांगते. घर शाकाहारी, तेव्हा भाजलेले शेंगदाणे, साधं पनीर, ज्वारीची भाकरी आणि लोणी. कॅबर्नेचा तुरटपणा लोण्या-पनीराबरोबर एकदम नरम झाला. स्निग्ध आणि प्रथिनांचं काही खाल्लं की टॅनिन त्याला चिकटतं आणि जिभेला सोडतं. मित्राने मात्र हौसेनं ठेचा लावून वर कॅबर्नेचा घोट घेतला आणि पाणी-पाणी करत उठला! तिखट, मद्य आणि तुरट यांची तोंडात एकी झाली की आग भडकते. बोजोले तशी सोसते, थंड असेल तर.

आपल्याकडची वाइन फ्रेंच वाइनसारखी का नाही, हा प्रश्न मी विचारलाच. उत्तर हवामानात आहे. फ्रान्समधली वेल हिवाळ्यात झोपते, वर्षाला एकदा फळ देते, सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडा. आपल्याकडे वेल झोपतच नाही. म्हणून दोनदा छाटावी लागते. एप्रिलात खरडछाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी, आणि फेब्रुवारीच्या आगेमागे तोड, म्हणजे ऊन तापायला लागता-लागता. साखर भराभर चढते आणि आंबटपणा उतरतो. तो उतरला की टिकाऊपणाही उतरला. तरी एक नातं आहे बघा : एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्सच्या बागा मुळापासून खाल्ल्या, तेव्हा अमेरिकन मुळांवर फ्रेंच कलमं बांधून त्या वाचवल्या. आपले द्राक्ष बागाईतदारही ‘डॉगरीज’ या अमेरिकन खुंटावरच कलम करतात.

बागाईतदारांचं दुःखही त्या दुपारी निघालं. राज्याचं वाइन धोरण २००१ मध्ये आलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क उभे राहिले, आणि पुष्कळांनी खायची द्राक्षं काढून वाइनची लावली. २००८ नंतर मंदी आली. भाच्याच्या मित्राच्या वडिलांची द्राक्षं ज्या कंपनीने करारानं घ्यायची होती तिने उचललीच नाहीत. वाइनची द्राक्षं बारीक, जाड सालीची, बियाळ. बाजारात नेली तर कोण घेणार? त्यांनी दोन एकर वेली उपटून ऊस लावला. बाटलीवरच्या सोनेरी चिठ्ठीत हे काही लिहिलेलं नसतं.

परत घरी आलो तेव्हा आबा ओट्यावर बसलेले. आम्ही मुकाट्यानं आत सटकत होतो, तर म्हणाले, “द्राक्षासवच ना ते? मी घेतो की रोज दोन चमचे.” आम्ही सगळे गप्प! खरंच आहे. द्राक्षासव म्हणजे मनुकांच्या काढ्यात धायटीची फुलं वगैरे घालून आंबवलेलं औषध. त्यात मद्यार्क असतोच, आंबताना आपोआप तयार झालेला. आणि आसवं-अरिष्टं जुनी झाली की गुणवान होतात हे आपल्या वैद्यांचं मत फ्रेंचांच्या फार आधीचं. फरक चमच्याचा आणि पेल्याचा.

पण धाकट्या जावेचा प्रश्न इतका सोपा नव्हता. रात्री भांडी आवरताना तिने मला विचारलं, “वहिनी, ह्यात अन् त्याच्यात फरक काय?” ‘त्याच्यात’ म्हणजे हातभट्टीत. मी तिला जेवढं खरं तेवढं सांगितलं. हातभट्टी काळ्या गुळाची, नवसागर घालून केलेली, किती कडक आणि काय-काय मिसळलेलं याचा पत्ता नाही. वाइनमध्ये मद्यार्क साधारण १२ ते १४ टक्के, चिठ्ठीवर छापलेला, आणि ती जेवणाबरोबर सावकाश घ्यायची रीत. पण काळीज, यकृत यांना मद्यार्क कुठून आला ते कळत नाही. लाल वाइन हृदयाला चांगली असं नव्वदीच्या दशकात फार गाजलं होतं. आता जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं, की मद्याचं कुठलंही प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही. ती म्हणाली, “मंग वास घेतला तेवढा बरा. वन्सं म्हणतात तसा.” आणि पातेलं घासायला लागली. जावेला मोठ्या जावेला ‘वन्सं’ म्हणताना ऐकून मला हसू आलं, माझंच ऐकून-ऐकून तिला सवय लागली होती.

मला स्वतःला विचाराल तर, मी तिन्ही पेले चाखले आणि मला ते आवडले, विशेषतः ते म्हातारं बोर्दो. घरी नेहमीसाठी आणीन का? नाही. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकायचा निर्णय राज्य सरकारने घेतला होता. अण्णा हजाऱ्यांसह अनेकांनी विरोध केला आणि ते तसंच राहिलं. साखर-साबणाच्या शेजारी वाइन नको असं मला तेव्हा वाटलं, आजही वाटतं. वन्संच्या घरात चार दिवस जी तारांबळ उडाली, तिच्यातला विचार दुकानाच्या रांगेत होत नाही.

कुणाच्या घरी परदेशातून आलेली बाटली असेलच, तर चार गोष्टी. सज्ज्यात किंवा गॅसच्या वरच्या फळीवर ठेवू नका. उष्णतेनं वाइन शिजते, बूच वर सरकतं, आणि मग उरतो तो उकडलेल्या मनुकांचा वास. घरातली सगळ्यांत गार, अंधारी जागा शोधा आणि आडवी निजवा. ‘नुव्हो’ लिहिलेलं असेल तर वाट पाहू नका. उघडलेली लाल वाइन बूच लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहते. बर्फ घालू नका. मुलांच्या जेवणात ‘शिजल्यावर मद्य उडून जातं’ म्हणून घालू नका, पूर्ण उडत नाही. आणि पोटुशी बाई असेल तिला आग्रहाचा थेंबही नको.

त्या बाजूला जायचं तर जानेवारी-फेब्रुवारीत जा. गुऱ्हाळं चालू असतात, गरम काकवी मिळते, यवतजवळून भुलेश्वराच्या डोंगरावर गाडी जाते आणि तिथलं कोरीव काम दुपारच्या तिरप्या उन्हात पाहण्यासारखं आहे. रोटीकडे वळायचं असेल तर पाटसहून बारामतीचा रस्ता धरा. कारखाना बघायला खुला आहे की नाही हे आधी फोन करून विचारा. आषाढात पालखीच्या दिवसांत मात्र या रस्त्यावर गाडीनं जाऊ नका, वाहतूक वळवलेली असते; जायचं तर पायी. आणि परतताना बाटली घेतलीच, तर उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत विसरू नका.